आवाज कशासारखा

डिसेंबरातला सोमवार होता. यवतमाळ सोडून दारव्ह्याच्या रस्त्याला लागले, शेवटची घरं मागे पडली, गाडी साठवर गेली आणि कुठून तरी एक बारीक, लांबलेला आवाज सुरू झाला. आधी वाटलं, पर्समधला मोबाईल दबलाय. मग वाटलं, काच नीट लागली नाही. काच वर केली, रेडिओ बंद केला, पर्स उघडून पाहिली. आवाज होताच. वेग कमी केला की जायचा, वाढवला की परत यायचा.

शाळेत पोचले तरी मी लगेच गाडीतून उतरले नाही. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. वर्षापूर्वी याच गाडीत, मागच्या सीटवर आडवी पडून, माझी आई अशीच कण्हत होती.

ते एकदा सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट कळेल. आईचं दुखणं महिनाभराचं होतं. एका सकाळी तिला श्वास पुरेना, डॉक्टर म्हणाले नागपूरला न्या. अॅम्ब्युलन्सला वेळ लागणार होता. मी म्हटलं, आपली गाडी आहे ना. हे वाक्य माझं होतं, बाबांचं नव्हतं. धुकं एवढं होतं की समोरचा ट्रक जवळ आल्यावर दिसायचा. बाबा मागे बसणार होते, आईचं डोकं मांडीवर घेऊन. आईच म्हणाली, तुम्ही पुढं बसा, पोरीले रस्ता सांगा. म्हणून ते पुढे बसले आणि रुमालाने काच पुसत राहिले. मागे आई कण्हत होती. एकसारखी, बारीक, श्वासागणिक. मी स्टिअरिंग धरून बसले होते आणि मनात म्हणत होते, हे थांबू दे, मला ऐकवत नाही.

कळंब गेल्यावर ते थांबलं.

बाबा म्हणाले, "झोप लागली वाट्टे तिले." मी म्हटलं, बरं झालं. आणि खरंच बरं वाटलं होतं. पुढचा अर्धा तास आम्ही दोघं मोकळ्या मनाने बोललो. देवळीला चहासाठी थांबावं की नको, यावर आमचं बोलणं झालं. थांबायचं ठरलं. थांबलो, बाबा खाली उतरले, मागचं दार उघडलं, आणि मग आम्हाला कळलं.

त्या दिवसापासून मी ती गाडी चालवतेच आहे. दुसरी नाही, आणि शाळा पंचवीस किलोमीटरवर आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते. लग्न केलं नाही. कोणी कारण विचारलं की हिशेब जमला नाही म्हणून सांगते, गणिताच्या बाईला तेवढी सूट असते. घरात मी आणि बाबा. गाडी पंधरा वर्षांची, पांढरी, छोटी, दुसऱ्या मालकाकडून घेतलेली. डावं मागचं दार आतून उघडता येत नाही आणि हीटर उन्हाळ्यातच चांगला चालतो. पण गाडीने कधी बंद पडून मला रस्त्यावर उभं केलेलं नाही. तिची खोड कोणी काढलेली मला खपत नाही.

म्हणून त्या सोमवारी संध्याकाळी घरी आल्यावर मी बाबांवरच घसरले. आदल्या दिवशी, म्हणजे रविवारी, ते अंगणातून आत आले तेव्हा त्यांच्या सदऱ्याची पाठ मातीने भरलेली मी पाहिली होती. विचारलं तर म्हणाले, गाडीखाली तेल गळते का ते पाहून राह्यलो होतो. बहात्तराव्या वर्षी गाडीखाली झोपायची काय गरज, म्हणून मी तेव्हाच ओरडले होते. आता आवाज आल्यावर मला वाटलं, यांनीच काही तरी हलवलं.

"इंजिनले हातही नाही लावला मी," बाबा म्हणाले. बाबा खोटं बोलत नाहीत. ही त्यांची कीर्ती आहे आणि घरच्यांना त्याचा त्रासही बराच झालेला आहे. मी विषय सोडला.

बाबा हायस्कूलला विज्ञान शिकवत. शाळेचं स्काउट पथकही त्यांच्याकडेच होतं. आमच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, आणि बाबांनी ती आजोबांहून कडक पाळली. बैठकीत बावीस प्रतिज्ञांची तसबीर आहे, आणि ती शोभेसाठी नाही. लिंबू-मिरची, काळी बाहुली, अंगारा, उतारा यातलं काही आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आलं नाही. ते सोडा, विहारात परित्राण पाठ झाल्यावर भंतेजी सगळ्यांच्या मनगटाला पांढरा धागा बांधतात, तोही बाबा बांधून घेत नाहीत. पाठाला बसतात, धाग्याचं टोक सगळ्यांसारखं बोटात धरतात, पण बांधायची वेळ आली की हात जोडून उठतात. म्हणतात, वचन ऐकलं, पुरे. सूत हे सूत आहे.

तर अशा माणसाला मी आवाज येतो म्हणून सांगितल्यावर त्याने काय करावं? दोनशे पानी वही काढली. पट्टीने रकाने आखले. तारीख, वेळ, वेग, गिअर, इंजिन थंड की गरम, रस्ता कसा, आणि शेवटचा रकाना: आवाज कशासारखा.

"अंदाज नको सांगू," म्हणाले, "नोंद कर. पंधरा दिवसांत गाडी सोताच सांगन तिले काय झालं ते."

ज्या फेरीत आवाज आला ती संपली की मी गाडीत बसूनच वही भरायची. सगळे रकाने खरे भरले. शेवटच्या रकान्यात लिहिलं, मिक्सरसारखा. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. गणिताच्या बाईने आयुष्यात केलेली ही पहिली खोटी नोंद. पण त्या चौकोनात खरं लिहायचं म्हणजे काय लिहायचं? आणि ती वही रोज संध्याकाळी बाबा वाचणार होते.

खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती की आवाज गाडीत नाहीच. आईला जाऊन वर्ष झालं, घरी पाठ झाला, आणि दोनच दिवसांनी हे सुरू झालं. गाडीत मी एकटी असायची. ऐकायला दुसरं कोणी नाही. डोकं फिरणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, त्यांनाही सुरुवातीला सगळं खरंच ऐकू येतं. रस्त्यावर मी मोठ्याने पाढे म्हणायची. एकोणतीसचा पाढा म्हणताना माणसाला दुसरं काही सुचत नाही असा माझा अनुभव होता. तो खोटा ठरला.

दारव्हा रोडवर आमच्या ओळखीचा एक मिस्त्री आहे. जवळच्या बंजारा तांड्यावरचा, माझ्याच वयाचा, दुसऱ्याच्या हाताखाली काम शिकलेला. शाळा सुटल्यावर परतताना मी त्याच्याकडे गाडी नेली. त्याने बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि लांब स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक इंजिनला लावून मूठ कानाला लावली. डॉक्टर छाती तपासतो तसं त्याने चार जागी तपासलं. मग चक्कर मारून आला. म्हणाला, मॅडम, काहीच नाही. मी त्याला वही दाखवली. मिक्सरसारखा म्हणता, तर पट्टा असेल, म्हणाला, आणि पट्टा बदलला. दुसऱ्या दिवशी सकाळी आवाज होता. परत गेले. या वेळी त्याने पुढच्या चाकाचं बेअरिंग बदललं. तिसऱ्या दिवशी आवाज होता. तिसऱ्यांदा गेले तेव्हा माझा आवाज चढला. मी त्याला म्हटलं, तुला काम येत नसेल तर तसं सांग. चांगल्या माणसाला असं बोलायला नको होतं. तो चिडला नाही. हात पुसत उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, घरी काही टेन्शन आहे का?"

मी त्याचे पैसे दिले. गाडी घेऊन घरी आले आणि चार दिवस एसटीने शाळेत गेले. एसटीत आवाज यायचा नाही. म्हणजे यायचे, पण कोंबड्यांचे, कंडक्टरचे आणि मागच्या सीटवरच्या भांडणाचे. मला बरं वाटायला हवं होतं. उलट वाटायचं की मी तिला अंगणात एकटी टाकून आले आहे.

पाचव्या दिवशी पुन्हा गाडी काढली आणि त्याच सकाळी ते झालं.

आवाज असताना मी कसंबसं चालवत होते. खरा त्रास तो थांबला की व्हायचा. खड्डा आला, वेग कमी झाला, कण्हणं थांबलं, की माझी मान आपोआप मागे वळायची. मी ठरवायची की आज वळायचं नाही. वळायचीच. त्या दिवशी पुढे कापसाने भरलेली ट्रॉली चालली होती, दोन्ही बाजूंनी फुगलेली, मागचा दिवा नसलेली. तिच्यामुळे मी पाय उचलला, आवाज थांबला, आणि मी मागे पाहिलं. समोर पाहिलं तेव्हा काचेत नुसता कापूस होता. ब्रेक लागला. वीतभर अंतर राहिलं असेल. ट्रॉलीवाल्याला काही कळलंसुद्धा नाही, तो आपला पुढे गेला. मी बाजूला गाडी घेतली आणि इंजिन बंद केलं. शाळेत माझी वाट पाहणारी चाळीस पोरं होती आणि घरी एक म्हातारा माणूस होता, ज्याला माझ्याशिवाय कोणी नाही. मला कळलं की हे असंच चालू राहिलं तर मी मरणार आहे, आणि एकटी नाही, कोणाला तरी सोबत घेऊन.

संध्याकाळी मी बाबांना सांगितलं की गाडी विकायची. कारण सांगितलं नाही. ते नेहमीसारखे वाद घालतील असं वाटलं होतं. ते एकदम म्हणाले, "नको विकू."

काहून, म्हणून विचारलं तर आधी चष्मा शोधला. मग वही मागितली. चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचायला बसले. पेपर तपासताना बसायचे तसे, बोट ओळीवर ठेवून. मी भाकऱ्या टाकल्या, भाजी केली, ताटं घेतली, तोवर त्यांचं वाचणं चालूच होतं.

"या सगळ्या नोंदी सकाळच्या आहेत," ते म्हणाले. "परतीची एकही नाही. तू मिस्त्र्याले गाडी कव्हा दाखवतं?"

"शाळा सुटल्यावर."

"मंग तो काय ऐकन?"

मी ताट बाजूला सारून वही ओढून घेतली. तीन आठवडे मी स्वतःच्या हाताने लिहीत होते, आणि हे मला दिसलं नव्हतं. मुलांना सांगते की उदाहरण नीट वाचा, अर्धं उत्तर उदाहरणातच असतं. पण त्यात दिलासाही होता. जे डोक्यात असतं ते घड्याळ पाहून येत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. मग दुसरंही आठवलं: आईला नेलं ते सकाळीच. दिलासा तिथेच संपला.

बाबांनी मिस्त्र्याला फोन केला. तो त्यांना गुरुजी म्हणतो. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेज उघडायच्या आधी तो नाक्यावर उभा राहिला आणि माझ्या शेजारी बसला. मी साठवर गेले. मनात म्हणत होते, येऊ दे. आयुष्यात पहिल्यांदा मी तो आवाज यावा म्हणून मागत होते. तो याच्या कानाला येऊ दे, एवढंच.

आवाज आला. मिस्त्र्याने मान वर केली आणि म्हणाला, "हं, आहे."

त्या दोन शब्दांनी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी गॉगल लावला. त्याने पाहिलं असेल, पण तो कामाला लागला होता. क्लच दाबा म्हणाला. दाबला, आवाज तसाच. न्यूट्रल करा. केलं, तसाच. सरळ मोकळा रस्ता पाहून त्याने एक क्षण इंजिन बंद करायला लावलं. गाडी आपल्या वेगात धावत होती, इंजिन गप्प होतं, आणि आवाज होता. मग रस्त्यावर थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे घ्यायला लावलं. काही फरक नाही. म्हणजे इंजिन नाही, गिअर नाही, चाक नाही. बाजूला घ्या म्हणाला. डिकीतल्या पुठ्ठ्याच्या खोक्याचा एक तुकडा फाडला, समोरच्या जाळीवर आणि बंपरच्या खाली चिकटपट्टीने लावला आणि म्हणाला, चला आता. साठ झाले, सत्तर झाले. काहीही आलं नाही.

"हवा आहे मॅडम," तो म्हणाला. "काही तरी वाजून राह्यलं हवेनं."

पुठ्ठा काढून तो बंपरसमोर आडवा झाला, मोबाईलचा दिवा लावून आत पाहिलं आणि मला बोलावलं. मीही गुडघ्यावर बसले. नंबरप्लेटच्या मागे, या पट्टीपासून त्या पट्टीपर्यंत, एक पांढरा धागा ताणून बांधलेला होता. चार पदरी वळलेला, हातभर लांब, धुळीने मळका झालेला आणि दवाने ओला. मिस्त्र्याने तो बोटाने छेडला. तोच आवाज, अगदी बारीक.

"तांड्यावर दोरीची खाट राती बाहेर राहिली की सकाळी कशी आवळून येते, तसंच," तो म्हणाला. "दवानं आवळला की वाजते, उन्हानं ढिला झाला की गप्प. कापून टाकू?"

मी नको म्हटलं. जरा जोरातच म्हटलं, कारण तो मागे सरला. मी धाग्याच्या टोकांकडे पाहत होते. दोन्हीकडे चपटी, सरळ गाठ, टोकं सारखी, एकही सैल नाही. वीस वर्षं स्काउटच्या पोरांना हीच गाठ शिकवणारा माणूस माझ्या घरी राहतो. आणि धागाही मी ओळखला.

सात वर्षांपूर्वी ही गाडी घरी आली त्या दिवशी आई विहारातून हा धागा घेऊन आली होती. गाडीच्या आतल्या आरशाला तिने तो बांधला. शेजारची चार माणसं गाडी पाहायला आली होती. बाबांनी सगळ्यांसमोर तो सोडला आणि म्हणाले, आज हा बांधशील, उद्या लिंबू बांधशील. लोक हसले. मीही हसले. मी बाबांचीच मुलगी, मला त्यांचं म्हणणं पटलंच होतं. आईने धागा बोटाला गुंडाळला आणि आत जाऊन आपल्या पावडरच्या रिकाम्या डब्यात ठेवला. तो डबा ती गेल्यापासून तिच्या कपाटात तसाच होता.

त्या दिवशी शाळेत मी काय शिकवलं ते मला आठवत नाही. धागा तसाच ठेवून घरी आले. बाबा अंगणात खुर्ची टाकून बसले होते, वही मांडीवर. निकाल ऐकायला बसलेल्या परीक्षार्थ्यासारखे उत्सुक. म्हणजे आवाज त्यांच्या धाग्याचा आहे, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

मी सांगितलं की आवाज हवेचा आहे, नंबरप्लेटच्या मागे धागा आहे.

बाबांनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकाने पुसला, आणि पुसतच राहिले. मग म्हणाले, "मिक्सरसारखा म्हणून लिहिलं तुनं."

"खोटं लिहिलं."

"मंग कशासारखा?"

"आई कण्हत होती तसा."

समोरच्या रस्त्याने ऑटो गेला, मग दुसरा गेला. बाबांनी वही मिटली. मला वाटलं आता ते उठून आत जातील. ते उठले नाहीत.

"धाग्यात काही नाही," ते म्हणाले. "पह्यलेही नव्हतं, आजही नाही. मी भिऊन नाही बांधला. तिनं येवढं एक मागतलं होतं अन् मी चार लोकांत तिचं हसू केलं. तिच्या पाठाच्या दिवशी डब्बा उघडला, त दिसला." त्यांनी चष्मा परत लावला. "कोणाले दिसन नाही अशा जागी बांधला, हे अजून वाईट केलं."

"मीही हसले होते," मी म्हटलं.

"माहीत आहे मले."

यावर आम्ही दोघं रडलो वगैरे नाही. आमच्या घरात तशी पद्धत नाही. मला राग आला होता, हे मी लपवत नाही. तीन आठवडे मी स्वतःला वेडी समजत होते, मेले असते, आणि या माणसाने मला दोनशे पानी वही आखून दिली होती. पण मी कोणत्या तोंडाने बोलणार होते? त्यांनी तेलाचं निमित्त सांगून धागा लपवला, मी रकाना लपवला. ट्रॉलीचं मात्र मी त्यांना तेव्हा सांगितलं. त्यांनी माझा हात धरला, तोही मनगटापाशी, नाडी पाहतात तसा, आणि बराच वेळ सोडला नाही.

"उद्या मले ऐकव," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्यासोबत निघाले. नेहमीसारखे पुढे बसले. नाका गेला, घरं संपली. दोन्ही बाजूंच्या तुरीवर दव होतं. साठ झाले आणि आवाज सुरू झाला. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, पण त्यांनी डॅशबोर्डवर हात ठेवलेला मला दिसत होता. चार-पाच किलोमीटर आम्ही तसेच गेलो. मला पाढे म्हणावेसे वाटले नाहीत. पुढे गावाच्या अलीकडे गतिरोधक आहे. मी वेग कमी केला आणि आवाज थांबला.

आम्ही दोघांनी एकदमच मागे पाहिलं.

मागच्या सीटवर तपासायच्या वह्यांचा गठ्ठा होता आणि माझी शाल होती. बाबांची मान माझ्याहून उशिरा सरळ झाली. मला तेव्हा समजलं की वर्षभर हे फक्त माझ्याच मागे लागलेलं नव्हतं. झोप लागली वाट्टे, हे वाक्य त्यांचं होतं. ते वाक्य बाबाही रोज कुठे तरी ऐकत असणार, चालत जाताना, पेपर वाचताना, आणि त्याला गाडीचा आवाजही लागत नसणार.

"थांबव," ते म्हणाले.

ते उतरले, गाडीसमोर जाऊन रस्त्यावर सरळ आडवे झाले. मी कात्री शोधायला डिकीकडे निघाले तर बंपरखालूनच नाही म्हणाले. ओल्या सुताची गाठ, तीही त्यांनीच मारलेली, लवकर सुटेना. नखांनी सोडवत राहिले. दोन मोटरसायकलवाले थांबून विचारून गेले, काय झालं काका, पंक्चर का. शेवटी धागा हातात घेऊन उठले. पाठ मातीने भरली होती. मी झटकली.

मग त्यांनी मागचं दार उघडलं. आत, खिडकीच्या वर, धरायला कडी असते, तिला तो धागा बांधला. ताणला नाही, सैलच सोडला. काचेतून जाणाऱ्या-येणाऱ्याला स्पष्ट दिसेल असा. मला वाटलं ते आता दार लावून पुढे येतील. त्यांनी वह्यांचा गठ्ठा पलीकडे सरकवला, शाल उचलून मांडीवर घेतली आणि मागेच बसले, आईचं डोकं होतं त्या बाजूला.

"चाल," ते म्हणाले. "मी आहे मागं."

मी आरसा थोडा खाली केला, ते दिसतील असा, आणि गाडी सुरू केली.